भांडुप स्टेशनजवळचं सेवा केंद्र: लेकीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म

लेक यंदा बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला लागली. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म आधी एका सायबरवाल्याकडे भरला. त्याने तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी ह्यांची सॅलरी स्लिप जोडली, अर्ज परत आला. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मग शेजारच्या वहिनींनी हे केंद्र सांगितलं. एक टेबल, एक प्रिंटर, एवढंच. पण तिथल्या ताईंनी फॉर्मला हात लावायच्या आधी विचारलं, "आधार कुठल्या खात्याला जोडलंय?" आम्ही पासबुक पुढे केलं. त्यांनी आधारच्या साइटवर बघितलं, तर गावच्या बँकेतलं पडून असलेलं खातं निघालं! स्कॉलरशिपचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. बँकेत जाऊन ते बदलून या, मगच फॉर्म भरू, म्हणाल्या. त्या दिवशी एक पैसा घेतला नाही.

आम्ही ओबीसी, उत्पन्न 8 लाखांच्या आत, प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून. अशा मुलींना 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हेही त्यांनीच समजावलं. मॅनेजमेंट कोट्याला मात्र ते लागू नाही.

संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळीच जा. अलॉटमेंट लेटर, दाखले, रेशनकार्ड मूळ प्रतींसह न्या, आणि ओटीपी येतो तो मोबाईल घरी विसरू नका.