टॉवेलचे रेंडर, सोलापूरचा उन्हाळा आणि गेमिंग लॅपटॉप: डेस्कटॉप विकल्यानंतरचा अनुभव

डेस्कटॉप काढून गेमिंग लॅपटॉप घ्यावा का, असं हल्ली बरेच जण विचारतात, कारण मी तेच केलंय. मागच्या पावसाळ्यात घेतला. आता त्याचा एक अख्खा उन्हाळा काढून झालाय. सोलापुरात मशीन कसं आहे ते एप्रिल-मे मध्येच कळतं, त्यामुळे एवढे दिवस थांबून लिहितोय.

आधी माझं काम सांगतो. साखर पेठेत राहतो. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना डिझाइन करून देतो आणि एक्स्पोर्टवाल्यांच्या कॅटलॉगसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टॉवेलचे थ्रीडी रेंडर, म्हणजे फोटोसारखी दिसणारी चित्रं, काढतो. रात्री जेवणानंतर थोडी व्हॅलोरंट ही गेम. लॅपटॉप १६ इंची, इंटेल आय-७ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड. रॅम १६ जीबी होती, ती ३२ करून घेतली. किंमत लाखाच्या थोडी वर गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढचं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही लॅपटॉपला लागू पडेल.

दुकानात कार्डाचं नाव सांगतात, वॅट, म्हणजे त्याला किती वीज मिळते, ते कोणी सांगत नाही. लॅपटॉपमधला ४०६० कंपनीला ३५ वॅटवरही चालवता येतो आणि ११५ वॅटवरही, स्टिकर मात्र तेच. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बसवलेला ४०६० आणि माझ्या जाडजूड डब्यातला ४०६० यांच्या रेंडरच्या वेळेत ढळढळीत फरक पडतो. पूर्ण वॅट मिळाले तर हा डेस्कटॉपच्या ४०६० च्या बराच जवळ जातो, कारण दोन्हीकडे कोअर (हिशोब करणारे भाग) ३०७२ आणि मेमरी ८ जीबीच आहे. त्याच्या वरच्या कार्डांत मात्र नाव एक आणि माल वेगळा. डेस्कटॉपच्या ४०७० ला ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० ला ४६०८ आणि ८ जीबी. डेस्कटॉपच्या ४०९० ला २४ जीबी, लॅपटॉपच्या ४०९० ला १६. म्हणून माझ्या मते ४०६० पर्यंत लॅपटॉप डेस्कटॉपशी बरोबरी करतो, वर गेलात की बरेचसे पैसे नुसत्या नावाचे मोजता.

ही ८ जीबी माझ्या कामात नडते. टेरी टॉवेल म्हणजे सगळा लूपचा खेळ. सपाट कापडावर टॉवेलचा फोटो चिकटवून भागत नाही, खरीददाराला एकेक लूप उभा दिसला पाहिजे. ब्लेंडरमध्ये हे केसांसारखं उगवावं लागतं. एक टॉवेल असेल तर लॅपटॉप झरझर काढतो. सहा टॉवेलची चळत, त्यावर एक अर्धवट उलगडलेला, असा सीन आला की कार्डाची मेमरी भरते आणि ओझं साध्या रॅमवर जातं. मग मिनिटांचं काम तासावर जातं, नाहीतर मेमरी संपल्याचा एरर येऊन सगळंच थांबतं. मी चळत तुकड्या-तुकड्याने रेंडर करून नंतर जोडतो. माझ्याच ओळखीतल्या एकाकडे डेस्कटॉपचा जुना आरटीएक्स ३०६० आहे, २०२१ चं मॉडेल, पण मेमरी १२ जीबी. हाच सीन त्याच्याकडे निवांत बसतो. वेग कमी, पण अडत नाही. असं काम करणाऱ्याने लॅपटॉपचा नाद न केलेला बरा.

मग मी डेस्कटॉप का सोडला? लाइट आणि कारखाने.

आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि गेली नाही तरी संध्याकाळी व्होल्टेज पडतं. डेस्कटॉपला यूपीएस होता, पण ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास झेपवतो. कार्ड पूर्ण जोरात असताना लाइट गेली की तो किंचाळायला लागायचा, आणि रेंडर वाचवायला मी धावायचो. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे पडलेल्या व्होल्टेजचं त्याला काही नाही. लाइट गेली तर बॅटरी लगेच पकडते, वेग निम्म्याच्याही खाली येतो, पण रेंडर चालू राहतो. बॅटरीवर पूर्ण वेग मिळेल या आशेवर मात्र राहू नका. विमानात न्यायला सहसा १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी चालते, त्यामुळे कंपन्या त्याच्या आतच राहतात, आणि अशी बॅटरी पूर्ण जोरावर अर्ध्या-पाऊण तासात संपेल. म्हणून लॅपटॉप स्वतःच हात आखडता घेतो.

दुसरं म्हणजे अक्कलकोट रोडची एमआयडीसी. आधी मी डिझाइन मोबाइलवर पाठवायचो. तिकडून फोन यायचा, "निळा जरा गडद करा की ओ," आणि दिवस जायचा. आता लॅपटॉप घेऊन तिथेच बसतो. मालक मागे उभे राहून सांगतात, मी समोर बदलतो, तासाभरात डिझाइन पास. इथे स्क्रीनचा प्रश्न येतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपवर "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं, म्हणजे स्क्रीन कमी रंग दाखवते, त्यावर मरून विटकरी दिसतो. रंगाचं काम असेल तर "१०० टक्के एसआरजीबी" असलेलाच, म्हणजे नेहमीचे सगळे रंग दाखवणाराच घ्या, त्यासाठी दुसरीकडे काटकसर केली तरी चालेल. वजनाची तयारी ठेवा. लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास आणि २३० वॅटचा अडॅप्टर वीटच. पहिल्यांदा बॅग उचलून दिली तेव्हा कारखान्यातला कामगार म्हणाला, "ह्यात दगडं भरलीत काय ओ?" पुण्याला जाताना अडॅप्टर घरीच ठेवतो. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये टाइप-सीच्या छोट्या चार्जरवर मेल आणि किरकोळ दुरुस्त्या होतात, रेंडर नाही.

आता उन्हाळा. बाहेर ४२-४३ अंश, वर पत्र्याची खोली. प्रोसेसर आणि कार्ड दोघांची उष्णता त्याच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते, त्यामुळे एक तापला की दुसराही तापतो. प्रोसेसर शंभराच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो. मे मध्ये दुपारी हेच चालू होतं. मी तीन गोष्टी केल्या. प्रोसेसरची वॅटमर्यादा खाली आणली (रेंडर कार्डावर होतो, प्रोसेसरला पळवून काय मिळणार?), जड रेंडर रात्री अकरानंतर लावायला लागलो, आणि मागच्या कडेखाली एक जुना लाकडी धोटा (मागावर आडवं सूत नेतो तो) आडवा टाकला. घरात माग होता तेव्हाचा आहे. तळ सपाट, लांबी लॅपटॉपच्या रुंदीएवढी, हलत नाही. खालून हवा मिळाली आणि चार-पाच अंश उतरले. ऑनलाइन मिळणारा पंख्यांचा स्टँडही आणला होता. त्याने आवाज वाढला, बाकी धोट्याइतकंच काम.

पण उन्हापेक्षा सुताने जास्त छळलं. आमच्या गल्लीत दिवसभर पॉवरलूम चालतात, हवेत बारीक तंतू असतात. मार्चमध्ये पंखे विनाकारण ओरडायला लागले म्हणून खालचं झाकण उघडलं. पंखा आणि जाळी यांच्या मधोमध करड्या सुताचा थर बसलेला, चिमटीत धरून ओढला तर अख्खी पट्टी निघाली. वाऱ्याला वाटच नव्हती. साफ करताना ब्लोअर मारायच्या आधी पंख्याच्या पात्यात टूथपिक अडकवा. पंखा हवेने गरगर फिरला तर बेअरिंग जातं. डेस्कटॉपला पुढची जाळी काढून नळाखाली धरायची की झालं, इथे दर वेळी स्क्रू.

गेमबद्दल विशेष काही नाही, व्हॅलोरंटला हा लॅपटॉप जास्तच झाला. हेडफोन मात्र हवाच, नाहीतर घरच्यांना वाटतं मिक्सर लावलाय.

खरा ताप दुरुस्तीचा. फेब्रुवारीत अडॅप्टर गेला. पिन त्या कंपनीचीच खास, नवी पेठेत कुणाकडे नाही. पुण्याहून यायला आठवड्याच्या वर गेला, तोवर टाइप-सीवर रांगत काम केलं. डेस्कटॉपचा एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) उडाला होता तेव्हा त्याच संध्याकाळी नवा टाकून रात्री काम सुरू केलं होतं. लॅपटॉपचं कार्ड तर बोर्डावरच डकवलेलं असतं, ते गेलं की बोर्ड बदला. त्यामुळे घेताना वाढीव वॉरंटी घेणार असाल तर माणूस घरी येतो की मशीन पाठवावं लागतं, आणि अडॅप्टर-बॅटरी त्यात धरलेत का, हे लेखी घ्या. माझी बोर्डाची तीन वर्षांची आहे, अडॅप्टर-बॅटरीची एकच वर्षाची, ती या आषाढात संपतेय.