बोकडाच्या श्वासनलिकेवर वर्षभर वापरलेले ऑर्गन बाथ

कोल्हापुरातील आमच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाने गेल्या वर्षी दोन कक्षांचे ऑर्गन बाथ घेतले. शरीराबाहेर काढलेला स्नायू द्रावणाने भरलेल्या नळीत हुकांनी टांगून औषधाने तो किती आखडतो, हे मोजण्याचे हे यंत्र; नळीभोवती बाहेरून गरम पाणी असते. एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांकडून मी त्यावर केवळ श्वासनलिकेच्या मऊ स्नायूचे प्रयोग करून घेतले, त्यामुळे हा अभिप्राय त्या कामापुरताच आहे.

गिनिपिगवर असे प्रयोग करायचे तर प्राणिप्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. म्हणून नेहमीच्या प्रॅक्टिकलसाठी आम्ही सकाळी खाटकाकडून बोकडाची ताजी श्वासनलिका थंड क्रेब्ज द्रावणात (ऊती जिवंत ठेवणारे क्षार व ग्लुकोजचे पाणी) बुडवून आणतो. कूर्चेची कडी मागच्या बाजूला उघडी असते आणि ती फट ज्या पातळ पट्टीने भरलेली असते, तोच आपला स्नायू. पाच-सहा कड्या दोऱ्याने एकीखाली एक बांधून त्यांची साखळी करतात. अशा साखळीत प्रत्येक कडीचे आखडणे एकमेकांत मिळवले जाते, जोर मात्र मिळवला जात नाही. त्यामुळे साखळीला आयसोटॉनिक ट्रान्सड्यूसर (आखडण्याची लांबी मोजणारा संवेदक) लावावा आणि एकट्या पट्टीला आयसोमेट्रिक (जोर मोजणारा). या यंत्रासोबत दोन्ही मिळतात, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे स्थिर बेसलाइन, म्हणजे औषध नसताना नोंदली जाणारी मूळ रेषा. आतड्याचा तुकडा ॲसिटिलकोलीन हे स्नायू आखडवणारे रसायन पडताच काही सेकंदांत आखडतो, पण श्वासनलिकेच्या स्नायूला हिस्टामिन या तशाच रसायनाच्या एकेका मात्रेनंतर पूर्ण आखडायला कित्येक मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात बेसलाइन स्वतःहून सरकू लागली तर औषधाचा परिणाम कोणता आणि यंत्राचा दोष कोणता, हे विद्यार्थ्याला कळत नाही. आम्ही आयसोमेट्रिक ट्रान्सड्यूसरला एक ग्रॅमचे वजन अडकवून अर्धा तास तसेच ठेवले, तेव्हा रेषा जवळजवळ हलली नाही. काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर सुईने रेषा ओढून नोंद घेण्याच्या जुन्या पद्धतीने हे प्रयोग शिकलेल्या माझ्यासारख्याला त्याचे मोल विशेष वाटते.

तापमानाच्या बाबतीत मात्र यंत्राने निराशा केली. पडद्यावर ३७ अंश दिसत असताना आतल्या नळीत बुडवलेला थर्मामीटर ३५.५ दाखवत होता. मऊ स्नायूचा प्रतिसाद तापमानाबरोबर बदलतो, त्यामुळे हा फरक किरकोळ म्हणता येत नाही. पुरवठादाराकडे तीन वेळा तक्रार करूनही माणूस आला नाही. शेवटी बाहेरचे पाणी थोडे जास्त तापवून आम्ही आतले तापमान जुळवले. सोबत आलेले हूक महिन्याभरात गंजले. शिवाजी उद्यमनगरातील एका कारागिराने स्टेनलेस स्टीलचे हूक करून दिले, ते अजून उत्तम आहेत.

माझा खरा आक्षेप माहितीपुस्तिकेवर आहे. तिच्यात हे यंत्र ‘दम्याचे संपूर्ण प्रतिमान’ (म्हणजे मॉडेल) दाखवते असे छापले आहे, आणि विद्यार्थी ते तसेच प्रबंधात उतरवतात. दम्यात श्वासमार्ग अतिसंवेदनशील होतो, म्हणजे निरोगी माणसाला जी मात्रा जाणवतही नाही, तेवढ्यानेच तो आवळला जातो. रुग्णाला मेथाकोलीन हे श्वासमार्ग आवळणारे औषध श्वासातून ओढायला देऊन पहिल्या सेकंदातील उच्छ्वास २० टक्के घटवणारी मात्रा शोधतात, ती याच कारणाने. खाटकाकडची श्वासनलिका निरोगी बोकडाची असते, तिच्यात अतिसंवेदनशीलता येणार कुठून? ओव्हाल्ब्युमिन (अंड्यातील पांढऱ्या भागाचे प्रथिन) टोचून संवेदनशील केलेल्या गिनिपिगची श्वासनलिका घेतली, तर शुल्ट्झ (१९१०) आणि डेल (१९१३) या संशोधकांच्या पद्धतीप्रमाणे तेच प्रथिन बाथमध्ये टाकल्यावर ती आखडते आणि हा प्रयोग या यंत्रावर नीट होतो. परंतु जिवंत प्राण्यात आढळणारी अतिसंवेदनशीलता सुट्या स्नायूत दिसेलच असे नाही. शरीरात प्रत्येक श्वासागणिक स्नायू ताणला जातो, सुजलेली भिंत, कफ आणि मज्जातंतूही त्यात भाग घेतात, आणि बाथमध्ये यांतले बहुतेक काही नसते.

उंदरावर काम करणाऱ्यांनी हे यंत्र घेऊ नये. त्याची नलिका इतकी अरुंद असते की हे हूक तिच्यात धड बसत नाहीत, शिवाय उंदराचा हा स्नायू हिस्टामिनने आखडत नाही, मेथाकोलीनसारखे औषध वापरावे लागते. बोकड आणि गिनिपिगसाठी मात्र मी हे यंत्र पुन्हा घेईन. फक्त ताब्यात घेण्यापूर्वी आतल्या नळीत स्वतःचा थर्मामीटर बुडवून पाहीन आणि दुरुस्तीला किती दिवसांत माणूस येईल, ते करारात लिहून घेईन.