दांडिया बाजारातला नेटच्या तयारीचा घरगुती क्लास : ऑन्कोजीनसाठी तरी जाच

बडोद्यात लाइफ सायन्सच्या नेट परीक्षेची तयारी करत असाल, तर बाईंच्या या क्लासला जरूर जा. खोली लहान आहे, उशिरा येणाऱ्याला दाराशी बसावं लागतं. नोट्सच्या झेरॉक्स फिकट, आकृत्यांमधलं अक्षर लागत नाही. पण बाईंच्या शिकवण्याला तोड नाही.

गाइडमध्ये एवढंच असतं : रेट्रोव्हायरसमधला (आरएनएवरून डीएनए बनवून पेशीत शिरकाव करणाऱ्या विषाणूमधला) ऑन्कोजीन, म्हणजे कॅन्सर घडवू शकणारा जीन, मुळात पेशीतला. बाई विचारतात, ‘कशावरून?’ आणि अख्खी संध्याकाळ त्यावरच घालवतात.

1911 मध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचला, तिलाही गाठ झाली. म्हणजे गाठ करणारा होता अर्कातला विषाणू. तिथून बाई थेट 1976 वर येतात. त्यांनी कागदाच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. एक राउसच्या विषाणूच्या जनुकसाखळीची, दुसरी गाठ करण्याची ताकद गमावलेल्या त्याच्याच वाणाची. एकमेकींवर ठेवल्यावर जो तुकडा उघडा राहिला, तो सार्क जीन. बिशप, वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या त्या तुकड्याचा किरणोत्सारी प्रोब, म्हणजे जुळणारा डीएनए शोधणारा तुकडा, केला. तो निरोगी कोंबडीच्या डीएनएशी जुळला, बदकाच्या आणि एमूच्याही! पक्षी कोंबडीपासून जितका दूरचा, तितकी प्रोब आणि डीएनएची ती जोडी कमी तापमानाला सुटत गेली, म्हणजे जुळणी तितकी सैल. म्हणजे जीन पक्ष्यांचाच, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, उचलला विषाणूने. पेशीतल्या सार्कमध्ये इंट्रॉन (प्रथिन बनवताना गाळले जाणारे मधले तुकडे) आहेत, विषाणूच्या प्रतीत नाहीत, हा पुढचा पुरावा.

हा जीन आपल्यातही आहे, मग आपल्या सगळ्यांना कॅन्सर का होत नाही, असं एकीने विचारलं. बाईंनी फळ्यावर सार्कच्या प्रथिनाचं शेवटचं टोक मोठं करून काढलं. तिथल्या 527 व्या जागेवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसला की प्रथिन मिटून गप्प राहतं. विषाणूच्या प्रतीत ते टोकच नाही, त्यामुळे ते सतत चालू. आणि 1982 मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीतल्या रास जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं सापडलं, तेही विषाणूशिवाय. माझ्या आत्याच्या आजारपणात ‘बाहेरून काय लागलं हिला?’ असं घरात सारखं चालायचं. त्याचं उत्तर मला या वर्गात मिळालं.

तक्रार एकच. एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेल्या विषाणूचे ई6 आणि ई7 हे जीन पेशीतून उचललेले नाहीत, ते पी53 आणि आरबी या गाठ रोखणाऱ्या प्रथिनांना निकामी करतात. हा महत्त्वाचा फरक शेवटच्या दहा मिनिटांत उरकला. बरीच मुलं तिथे गोंधळली. यासाठी वेगळा तास हवाच.

फी मोठ्या क्लासेसपेक्षा बरीच कमी. बाई मराठीत शिकवतात, अडलं तर गुजरातीतही समजावतात. नवी बॅच दिवाळीनंतर. जागा लवकर भरतात, आधी विचारून ठेवा.