स्कॉटलंडच्या हायलँड्सची बस टूर: ५७६ पौंड गेले, आणि म्हणे ही फसवणूक नाही

आधी आकडे सांगते, कारण बाकी सगळ्यावर लोक वाद घालत बसतात. तिकिटं चार, प्रत्येकी ९४ पौंड, झाले ३७६. वाफेच्या गाडीच्या ‘राखीव सीट’चे माणशी ३८, झाले १५२. आणि टूरच्या व्हॅनमध्ये बसल्यावर ‘पार्क एंट्री’ म्हणून माणशी १२, रोख, पावतीबिवती काही नाही, ते ४८. एकूण ५७६ पौंड. त्या बदल्यात मिळालं काय? आठ सीटची एक जुनी व्हॅन, लोकरीच्या दुकानात सक्तीचा पाऊण तास, आणि लॉख नेस तलावाचं रस्त्यावरून दर्शन.

आई-बाबा भारतातून आले की त्यांना स्कॉटलंड दाखवायचं, हे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या प्रत्येक घरात ठरलेलंच असतं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी भाड्याने घेऊन अरुंद रस्त्यांवर धक्के खाण्यापेक्षा एडिनबराहून एका दिवसाची कोच टूर बरी, असा विचार केला. ऑगस्ट महिना. एडिनबरामध्ये फेस्टिव्हल चालू, नावाजलेल्या कंपन्यांच्या बस भरलेल्या. ज्यांना वाटतं की ‘जरा आधी बुक करायचं ना’, त्यांनी आधी चार जणांच्या सुट्ट्या आणि एक व्हिसा एका रेषेत आणून दाखवावा.

वेबसाइट कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. लांब केसांच्या तांबड्या गाई, धुक्यातला डोंगर, पाच तारे, ‘फक्त ४ सीट शिल्लक’. खाली ऑपरेटर लायसन्सचा, म्हणजे बस चालवण्याच्या सरकारी परवान्याचा, नंबरसुद्धा होता. तो नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कुणाचा. बस आणि लॉरी चालवणाऱ्यांची यादी सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येते, नाव टाकलं की कळतं. हे मला नंतर कळलं, तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव कंपनीज हाउसवरही, म्हणजे कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीतही, टाकून बघा, तेही फुकट आहे.

टूरमध्ये काय काय होतं ते वाचा: ग्लेनकोची दरी, ग्लेनफिननचा रेल्वे पूल, जॅकोबाइट वाफेच्या गाडीतून प्रवास, लॉख नेसवर बोट, अर्कहार्ट किल्ल्याचं तिकीट, आणि संध्याकाळी आठपर्यंत एडिनबराला परत. आता हिशोब करा. एडिनबराहून फोर्ट विल्यम तीन तासांच्या वरच. तिथून ती वाफेची गाडी मालेगपर्यंत जाऊन येते, तो फेरा ८४ मैलांचा, जायला साधारण दोन तास आणि यायला तेवढेच. मग लॉख नेस, मग किल्ला, मग परतीचे चार तास. हे एका दिवसात बसत नाही. ज्या टूरच्या यादीत ही गाडी आणि लॉख नेसची बोट दोन्ही एकाच दिवसात असतील, ती तिथेच बंद करा. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे अंतर कुठून कळणार? नकाशावर सगळं वीतभर दिसतं.

आता तो क्षण. अजून रात्री आठवला की डोकं तापतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. वाफेच्या गाडीच्या सीटना फार मागणी आहे, माणशी ३८ पौंड आत्ता ट्रान्सफर केले तर जागा नक्की, नाहीतर डब्यात उभं राहावं लागेल. आणि खाली एक ओळ: ‘आमचं खातं भागीदार संस्थेच्या नावावर आहे, त्यामुळे तुमची बँक नाव जुळत नाही असं दाखवेल, काळजी करू नका.’ बघा ही हुशारी. इथल्या बँका पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव ताडून बघतात. २०२० पासून ही सोय आहे, आणि ती अगदी याच कामासाठी आहे. मी नाव टाकलं, ॲपने लाल चौकटीत सांगितलं की नाव जुळत नाही. मला इशारा मिळाला, पण त्या माणसाने तो आधीच निकामी करून ठेवला होता. ‘दाखवेल’ म्हणाला होता, दाखवलं, म्हणजे माणूस खरं बोलतोय! शेजारी आई विचारतेय उद्या स्वेटर कुठला घालू, बाबा ग्लेनकोबद्दल छापलेली पानं वाचतायत. ‘पुढे जा’ दाबलं. माझ्या जागी कुणीही दाबलं असतं, आणि जे म्हणतात आम्ही दाबलं नसतं, त्यांनी ती संध्याकाळ काढलेली नाही.

बँकेचा इशारा येणार हे समोरच्याला आधीच माहीत असेल, तर पैसे पाठवू नका. इतकंच. कारण काहीही सांगू दे.

सकाळी ‘लक्झरी कोच’च्या जागी व्हॅन. ड्रायव्हर हाच गाइड. आठ सीटचीच का, तेही आता सांगते: आठपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या गाडीला इथे बस चालवण्याचं लायसन्स लागतं, काचेवर त्याची चकती लावावी लागते. आठ किंवा कमी असले की ती भानगड टळते असं ही मंडळी धरून चालतात, पण माणशी वेगळं भाडं घेतलं तर लायसन्स तिथेही लागतं. म्हणून गाडी आली की आधी काच बघा, मग बसा. आणि गाइड प्रशिक्षित आहे असं वेबसाइट म्हणत असेल तर ब्लू बॅज, म्हणजे परीक्षा पास झालेल्या गाइडचा बिल्ला, विचारा. आमच्या गाइडने ग्लेनकोचं हत्याकांड कलोडनच्या लढाईनंतर झालं असं ठोकून दिलं. बाबा मागून म्हणाले, ‘अहो, हत्याकांड १६९२ चं, कलोडन १७४६ चं.’ त्यावर तो हसला आणि म्हणाला, इथे प्रत्येकाची स्वतःची गोष्ट असते. बाबांनी ती छापलेली पानं घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर पुन्हा बाहेर काढली नाहीत. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

रॅनॉक मूरचा ओसाड माळ ओलांडताना व्हॅनमध्येच ‘नॅशनल पार्क एंट्री’चे बारा-बारा पौंड मागितले. स्कॉटलंडच्या नॅशनल पार्कला प्रवेश फी नाही! कुठल्याच नाही. डोंगर, माळ, तलावाकाठ यांवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क २००३ च्या कायद्यानेच दिलेला आहे. काही ठिकाणी पार्किंगचे पैसे पडतात, ते गाडीवाल्याचे. पण आडरानात, मोबाइलला रेंज नाही, बाकीचे प्रवासी निमूटपणे नोटा काढतायत, तिथे तुम्ही वाद घालणार? घाला. निदान पावती मागा.

ग्लेनको सुंदर आहे, त्याचा काही दोष नाही. तिथे गाइडने प्रत्येकाचा फोटो काढला, स्वतःच्या फोनवर, मोठ्या प्रेमाने. ‘काका, हसा की’ अशा थाटात. हा फोटो लक्षात ठेवा.

ग्लेनफिननला पोचलो तेव्हा लोक ट्रायपॉड खांद्यावर टाकून टेकडी उतरत होते. वाफेची गाडी गेली होती. २१ कमानींचा तो पूल, १९०१ पासून वापरात, समोर रिकामा. आमच्या राखीव सीटचं काय? ‘व्हाउचर नीट वाचा, जॅकोबाइट अनुभव लिहिलंय, प्रवास नाही.’ वेबसाइटवर प्रवास लिहिलं होतं, पैसे भरल्यावर आलेल्या व्हाउचरवर ‘अनुभव’. म्हणून बुक करायच्या आधी पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर ते पान बदलतं. आमचं बदललं होतं. लॉख नेसवर ‘वारा आहे, बोट बंद’, आणि आमच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांची बोट माणसं भरून निघाली. अर्कहार्ट किल्ला वरच्या रस्त्यावरून दाखवला, इंजिन चालू ठेवून. ३७ किलोमीटर लांबीच्या तलावाजवळ आईचे पाय जमिनीला किती वेळ लागले असतील? लघवीला थांबलो तेवढाच. लोकरीच्या दुकानात मात्र पाऊण तास, कारण तिथलं कमिशन ठरलेलं.

आता अधिकारी मंडळी.

बँकेला त्याच रात्री फोन केला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून ट्रान्सफर करून घेतलेले पैसे बँकेने परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत. ऐकायला छान. पण त्यात दोन फटी. एक, बँक पहिले १०० पौंड कापू शकते, म्हणजे माझ्या १५२ मधले हाती ५२. दोन, ‘व्यापारी वाद’ असेल तर नियम लागूच नाही. आणि बँकेच्या मते व्हॅन आली, तुम्ही बसलात, ग्लेनको पाहिलंत, तर हा वाद झाला, फसवणूक नाही. मी विचारलं, मग गाडी अजिबात आलीच नसती तर? ‘तर फसवणूक.’ म्हणजे चोराने थोडं काहीतरी हातावर टेकवलं की तो व्यापारी! या लोकांचा सगळा धंदा याच एका वाक्यावर उभा आहे, आणि बँकेचा माणूस ते मला समजावणीच्या सुरात सांगत होता.

डेबिट कार्डावरच्या ३७६ साठी चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मागण्याचा अर्ज, टाकला. उत्तरात समोरच्याने पुरावा पाठवला: ग्लेनकोसमोर हसणाऱ्या बाबांचा फोटो. सेवा दिली, ग्राहक आनंदी. अर्ज फेटाळला. फोटो काढू देऊ नका, त्याच्या फोनवर तर नाहीच.

क्रेडिट कार्ड असतं तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ होतं, त्यात कार्डवाल्यांकडेही पैसे मागता येतात, पण ती वेबसाइट क्रेडिट कार्ड घेत नव्हती. घेतलं असतं तरी ते कलम १०० पौंडांवरच्या वस्तूला लागतं आणि तिकीट होतं ९४ चं. हा आकडा सहज सुचलेला नाही.

पोलिसांकडे गेले तर पहिला प्रश्न, तुम्ही राहता कुठे? इंग्लंडमध्ये. गाडी कुठे होती? स्कॉटलंडमध्ये. मग इकडचे म्हणाले तिकडे, तिकडचे म्हणाले पैसे जिथून गेले तिकडे. शेवटी एका ऑनलाइन फॉर्मवर नोंद झाली, एक नंबर मिळाला आणि ‘प्रत्येक तक्रारीचा तपास होईलच असं नाही’ अशी ओळ मिळाली. व्यापार तपासणारं कार्यालय नागरिकाशी थेट बोलत नाही, मधल्या हेल्पलाइनशी बोला. मधल्या हेल्पलाइनने वीस मिनिटं संगीत ऐकवलं आणि विचारलं, तुम्ही कंपनीला पत्र लिहिलंत का? कुठल्या पत्त्यावर? तो पत्ता टपाल पुढे पाठवणाऱ्या दुकानाचा आहे, हे मीच त्यांना सांगत होते. पॅकेज टूरचा कायदा दाखवला तर तो २४ तासांपेक्षा कमी, मुक्काम नसलेल्या टूरला लागूच नाही. छोटी टूर घेतलीत, संरक्षणही नाही. या सगळ्या कार्यालयांनी माझी तक्रार ऐकली ती आपली नाही हे सिद्ध करण्यापुरतीच.

बँकेच्या अंतिम पत्रानंतर सहा महिन्यांत ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जाता येतं, फुकट. मी गेले आहे. तिथे मांडलेला मुद्दा हाच: घेतलेले पैसे ट्रेनचे, आणि ट्रेन कधी बुक झालीच नव्हती, त्यामुळे १५२ पुरती तरी ही सरळ फसवणूक आहे. तुमचंही असं झालं असेल तर सगळी टूर एकत्र मांडू नका. जे अजिबात मिळालं नाही, ते वेगळं काढा, त्याची वेगळी तक्रार करा. आणि ट्रान्सफर नुकतंच केलं असेल तर हे वाचत बसू नका, फोनवरून १५९ लावा, तिथून बहुतेक बँकांना जोडून देतात.