वेताळ आधी की झोरो? कॉमिक्सवाल्यांसाठी जुन्या सिनेमांची निवड

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पन्नाशीच्या आसपासच्या मराठी माणसाला ‘वेताळ’ म्हटलं की विक्रमाच्या खांद्यावरचा आठवत नाही, कवटीची अंगठी घातलेला, म्हणजे इंग्रजी कॉमिक्समधला ‘फँटम’ आठवतो. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चाललं आणि तेवढ्यात दोन पिढ्या वेताळाच्या डेंकालीच्या जंगलात जाऊन आल्या. असा माणूस जुन्या सिनेमांकडे वळला की त्याचा हात पहिला जातो तो १९४३ च्या ‘द फँटम’कडे. नाव ओळखीचं, मुखवटा ओळखीचा. तरी माझं म्हणणं असं की सुरुवात त्याने करू नये. १९२० चा मूक ‘द मार्क ऑफ झोरो’ आधी बघावा आणि वेताळ बराच नंतर. नाही पटलं तर उलट्या क्रमाने बघा की, कोण अडवतंय.

खरं तर निवड दोन वाटांमधली आहे. एका वाटेवर कॉमिक्सवरून निघालेले सिनेमे आहेत. दुसरीवर असे सिनेमे, ज्यांच्यातून पुढे कॉमिक्स निघाली. पहिली वाट ओळखीची, म्हणून सोपी वाटते. दुसरीवर माल जास्त आहे.

कॉमिक्सवरून निघालेल्या मालिका

१९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेत थिएटरात दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा एक भाग दाखवायचे. शेवटी नायक कड्यावरून पडणार, खोलीत पाणी भरणार किंवा गाडी पेटणार, आणि ‘पुढील आठवड्यात’. वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीचं गणित तेच होतं: रोज तीन-चार चौकटी आणि शेवटच्या चौकटीत टांगणी. म्हणून कॉमिक्सचे नायक या साच्यात अलगद बसले.

‘फ्लॅश गॉर्डन’ (१९३६, १३ भाग) अ‍ॅलेक्स रेमंडच्या १९३४ मध्ये सुरू झालेल्या चित्रपट्टीवरून आला. नायक बस्टर क्रॅब. रॉकेट उडताना ठिणग्या सांडतात आणि धूर वर जातो, अवकाशात! हसू येतं, पण चार्ल्स मिडलटनचा मिंग आजही जमून आलेला खलनायक आहे. जॉर्ज लुकासला याच ‘फ्लॅश गॉर्डन’वर सिनेमा करायचा होता, हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचं विश्व रचलं आणि १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ आला. पडद्यावर तिरकी वर सरकत जाणारी अक्षरं या जुन्या मालिकांमधलीच.

आता ‘द फँटम’. १५ भाग, सगळे मिळून पाच तासांच्या जवळपास. टॉम टायलर अंगापिंडाने शोभतो, चेहराही रेखीव. पण पट कृष्णधवल, त्यामुळे जांभळा पोशाख नुसता करडा दिसतो. नायकाचं नाव कॉमिक्समधल्यासारखं किट वॉकर नाही. आणि डेव्हिल, वेताळाचा लांडगा, तो इथे सरळसरळ अल्सेशियन कुत्रा आहे. ‘एस’ नावाचा हा कुत्रा त्या काळी पडद्यावर नावाजलेला होता, काम चोख करतो, पण लांडगा काही वाटत नाही. जंगलही स्टुडिओतलं. लहानपणी आपण चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत जे जंगल भरलं होतं, त्याच्यापुढे हे टिकत नाही. वेताळाचं वेड जितकं जास्त, तितका हिरमोड जास्त.

टॉम टायलरच बघायचा असेल तर त्याचाच दोन वर्षं आधीचा ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ (१९४१, १२ भाग) घ्या. कॉमिक्समधला अचाट शक्तीचा सुपरहीरो खऱ्या नटासह पडद्यावर आला तो पहिल्यांदा इथे. उडण्याची दृश्यं लिडेकर बंधू या ट्रिकदृश्यांच्या कारागिरांनी माणसाएवढा पुतळा तारांवरून घसरवून केली. झेप आणि उतरणं डेव्हिड शार्प या स्टंटमनने. पुतळा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, ते ठाऊक असूनही चटकन पकडता येत नाही. एकूण साडेतीन तासांच्या आसपास. या वाटेवर एकच मालिका बघायची म्हटली तर मी हीच सांगेन.

‘बॅटमॅन’ची १९४३ ची मालिका सिनेमा म्हणून सुमार आहे आणि युद्धकाळातली असल्याने जपानी लोकांबद्दल त्यात जे शब्द वापरलेत ते ऐकवत नाहीत. मुलांना दाखवू नका. पण नाती शोधणाऱ्याने तिचे एक-दोन भाग तरी बघावेत, कारण इथे उलटी गंगा वाहिली. बॅटमॅनच्या वाड्याखालची गुहा ठळकपणे आली ती या मालिकेतून आणि मग ती कॉमिक्सने उचलली. बॅटमॅनचा नोकर अल्फ्रेड तोवर कॉमिक्समध्ये गोलमटोल होता. पडद्यावर विल्यम ऑस्टिन हा सडपातळ, बारीक मिशीचा नट आला, आणि १९४४ मध्ये कॉमिक्सने आपला अल्फ्रेड बारीक करून त्याला तशीच मिशी काढली.

एक सूचना: या मालिका सलग बघू नका. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचा प्रसंग पुन्हा येतो, आणि गाडी दरीत जाण्याआधी नायकाने उडी मारली होती हे आत्ता दाखवतात, जे मागच्या भागात दाखवलंच नव्हतं! सलग बघितलं की ही फसवाफसवी डोक्यात जाते. रात्री जेवणं झाल्यावर एक भाग, एवढंच. बेळगावच्या पावसाळ्याला हा हिशेब बरा बसतो. मधेच लाईट गेली तरी फार बिघडत नाही.

ज्यांच्यातून कॉमिक्स निघाली

‘द मार्क ऑफ झोरो’मध्ये डग्लस फेअरबँक्स दिवसा जांभया देणारा, रुमालाच्या जादू दाखवत वेळ काढणारा श्रीमंताचा पोरगा आहे. रात्री काळा मुखवटा, तलवार, घराखालचा चोरदरवाजा. हे वाचताना डोळ्यापुढे कोण आलं ते सांगायला नकोच. चित्रकार बॉब केनने आपल्या बॅटमॅनच्या (१९३९) प्रेरणांमध्ये या सिनेमाचं नाव घेतलंय. पुढे तर बॅटमॅनचे, म्हणजे ब्रूस वेनचे, आईवडील झोरोचाच सिनेमा बघून परतताना मारले गेले, असं कॉमिक्सनेच सांगितलं. सुपरमॅनचा चित्रकार जो शुस्टरही फेअरबँक्सचा चाहता. कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहण्याची ढब तिथूनच.

आणि वेताळ? त्याचा निर्माता ली फॉक याच्या मूळ बेतात तो जिमी वेल्स नावाचा शहरी, श्रीमंत, ऐदी तरुण असणार होता. १९३६ मध्ये चित्रपट्टी सुरू झाल्यावर फॉकने विचार बदलला, नायकाला जंगलात नेलं आणि चारशे वर्षांची वंशावळ मागे जोडली. म्हणजे वेताळाची मूळ कल्पना झोरोच्या घराण्यातली. १९४३ च्या मालिकेत तुम्हाला वेताळाचे कपडे मिळतात; त्याचा आजोबा मात्र १९२० च्या सिनेमात भेटतो.

दुसरा सिनेमा पाउल लेनीचा ‘द मॅन हू लाफ्स’ (१९२८). व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा. लहानपणीच चेहरा चिरून कायमचं हसू कोरलेला ग्विनप्लेन. काम कॉनराड फाइटचं. याचा फोटो बघून १९४० मध्ये बॅटमॅनचा शत्रू जोकर याचा चेहरा घडला. जोकरची सुरुवात नक्की कुणाच्या डोक्यातून झाली यावर केन, लेखक बिल फिंगर आणि चित्रकार जेरी रॉबिन्सन यांचं एकमत नव्हतं, पण फाइटचा चेहरा वगळता येत नाही. फक्त खलनायक शोधायला बसू नका. ग्विनप्लेन सोसणारा, प्रेमळ माणूस आहे. ओठ हसतात आणि डोळे रडतात, तेही एकाच वेळी. लहान मुलं घाबरतील. याच फाइटने १९२१ मध्ये एका जर्मन सिनेमात हिंदुस्थानातल्या महाराजाचं काम केलं होतं, हे जाता जाता.

रोलंड वेस्टचा ‘द बॅट व्हिस्पर्स’ (१९३०) बोलपट आहे, आणि बोलतो फार. सावल्यांसाठी बघावा, तोही ज्यांना बॅटमॅनची मुळं पार खणायची आहेत त्यांनीच.

मूकपटांचा आपल्याकडे एक व्यवहारी फायदा आहे. सीमाभागातल्या घरात आजी मराठी, सून गोकाकची म्हणून तिची कन्नड, पोरं इंग्रजी शाळेत. बोलपट लावला की कुणीतरी सारखं ‘काय म्हणाला?’ विचारणार. मूकपटात अधूनमधून पाट्या येतात. एकाने मराठीत मोठ्याने सांगायच्या, दुसऱ्याने कन्नडात. गप्पा मारल्या तरी सिनेमा चुकत नाही. झोरोच्या शेवटच्या पाठलागात तर पाट्यांचीही गरज नाही. फेअरबँक्स भिंतींवरून, छपरांवरून असा उड्या मारतो की सात वर्षांचं पोरही जागचं हलत नाही.

झोरोची मुंबईतली लेक

हा धागा आपल्याकडेही आला. मुंबईचे सिनेनिर्माते जे. बी. एच. वाडिया फेअरबँक्सचे भक्त. झोरोच्या सिनेमाचे इथले वितरणाचे हक्कही त्यांनी घेतले होते. १९३५ मध्ये त्यांचे भाऊ होमी वाडियांनी ‘हंटरवाली’ काढला आणि मुखवटा चढवून राजकन्या घोड्यावर बसली. ती नादिया, मूळची ऑस्ट्रेलियातल्या पर्थची मेरी अ‍ॅन इव्हान्स. सालं बघा: हंटरवाली वेताळाच्या एक वर्ष आधीची आणि बॅटमॅनच्या चार वर्षं आधीची. तिच्या सिनेमांमधला घोडा ‘पंजाब का बेटा’ आणि गाडी ‘रोल्स रॉइस की बेटी’. कॉमिक्सला यापेक्षा वेगळं काय लागतं? नेटवर शोधायचा तर १९४० चा ‘डायमंड क्वीन’ शोधा. आवाज खरखरतो, हिंदी जुनी नाटकी आहे, पण भाषांतराची कटकट नाही. घरातल्या बायकांना या सगळ्यात एकच दाखवायचा असेल तर हा.

पोरं झोपल्यावर

१९६० नंतरची एक तिसरी वाट आहे, पण ती मोठ्यांचीच. मिलानच्या अँजेला आणि लुचाना जुसानी या बहिणींनी १९६२ मध्ये ‘डायबॉलिक’ हे खिशात मावणारं कॉमिक काढलं, रेल्वेने ये-जा करणाऱ्यांसाठी. त्यावरचा मारिओ बाव्हाचा ‘डेंजर: डायबॉलिक’ (१९६८) रंगांसाठी बघावा. आणि काझुओ कोइके व गोसेकी कोजिमा यांच्या मांगावरचे (जपानी कॉमिकवरचे) ‘लोन वुल्फ अँड कब’ (१९७२ पासून सहा सिनेमे) रक्ताची सवय असेल तर. पहिल्याची पटकथा खुद्द कोइकेंची, म्हणून कॉमिकची लय शाबूत आहे.

प्रत निवडताना जरा जपून. मूकपट कमी वेगाने चित्रित व्हायचे. नेटवरच्या काही प्रतींत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात, ती प्रत सोडून पुनर्संस्कारित प्रत घ्या. झोरो पावणेदोन तासांच्या आसपास असायला हवा, फार कमी भरला तर काहीतरी कापलंय. नाव इंग्रजी अक्षरांत आणि सालासकट टाका, नाहीतर झोरोचे नंतरचे सिनेमेच आधी येतात. मंडळात किंवा वाचनालयात पडदा लावून दाखवायचा विचार असेल तर भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे वरचे १९२० ते १९४३ चे सिनेमे त्यातून सुटलेत. नव्याने जोडलेल्या संगीताचे हक्क मात्र वेगळे असू शकतात. मूकपट असेल तर आवाज बंद करून आपल्याच गल्लीतला पेटी-तबला बसवा.