स्वतःचं मॅटर्निटी होम की सरकारी रुग्णालय?

एमएस झालं, बाँडचं म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष सरत आलं, की मराठवाड्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञापुढे हा प्रश्न येतोच: तालुक्याला स्वतःचा दवाखाना टाकायचा, की सरकारीत राहायचं? पगार, कर्जाचे हप्ते, सोनोग्राफीची नोंदणी हे हिशोब तुम्ही मांडलेच असतील. मी दोन्ही केलंय. आधी बीड जिल्ह्यात तालुक्याला स्वतःचं मॅटर्निटी होम, आता सरकारी रुग्णालय.

स्वतःच्या दवाखान्याचं सुख मोठं आहे. तिसऱ्या महिन्यापासून बाई तुमच्याकडंच तपासायला येते, बाळंतपण तुमच्याच हातून होतं, पुढच्या खेपेला ती जावेलाही घेऊन येते. सरकारीत हे कमी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली बाई पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, परतते आणि कळा घेऊन थेट लेबर रूममध्ये येते. कार्ड कोरं, हिमोग्लोबिन सहा-सातवर. पुरुष डॉक्टर असाल तर ‘मॅडम नाहीत का?’ हा प्रश्न मात्र खासगीत जास्त ऐकावा लागतो.

तरी माझा निर्णय यातल्या कशानं झाला नाही. तो झाला संशयानं.

मध्यरात्र उलटलेली. पहिलटकरीण, पाणमोट फुटलेली, पाणी हिरवं, म्हणजे बाळानं पोटातच शी केलेली, कळ ओसरली तरी बाळाचे ठोके नव्वदच्या वर येत नाहीत. बाळ धोक्यात. बाहेर येऊन सांगावं, “सिझर लागेल.” सासू गप्प. दीर म्हणतो, “सायेब, जरा वाट बघू की, नॉर्मल हुईल.” मग पुण्याच्या मामांना फोन. मग, “बिल किती होईल?” मी ठोक्यांचं सांगतोय आणि समोरच्याला त्यात पैसेच ऐकू येताहेत. निर्णय झाल्यापासून 30 मिनिटांत चीर द्यावी असं आपण शिकतो. ती 30 मिनिटं तिथंच, पायरीवर, संपून जायची.

त्यांचा संशय मी खोटा म्हणत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात खासगीतल्या बाळंतपणांपैकी 47 टक्के सिझर होती, सरकारीत 14 टक्के. त्यात आपल्या बीडचं ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 साली गाजलं. लोक बिचकतात ते उगाच नाही. पण त्याची किंमत आत टेबलावर असलेलं बाळ मोजतं, आणि ते मला सहन होईना.

सरकारीत 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे. त्यामुळं “सिझर करू” म्हटलं की नातेवाईक विचारतात, “बाळ बरं हाय ना?” सही बहुतेक वेळा लगेच होते. माझ्या अनुभवात एवढ्यानंच फार फरक पडला.

सरकारीचे त्रास आहेतच. बदली, नेत्यांचे फोन, टाक्याचा धागा संपला म्हणून चाललेली धावपळ. खासगीत लागलेली शिस्त इथं लावायला वेळ लागतो. शिवाय सगळ्या सरकारी जागा सारख्या नाहीत. जॉइन होण्याआधी एकदा रात्री जाऊन या आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला दोनच गोष्टी विचारा: रात्री भूल कोण देतं, आणि रक्तसाठा केंद्राचा फ्रिज खरंच चालू आहे का? नाही तर मोफत सिझर कागदावरच राहतं आणि बाई रात्रीच अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात (घाटीला) पाठवावी लागते.

दोन्हींची उत्तरं नकारार्थी आली, तर मीही तुम्हाला खासगीच सुचवीन. पण एकट्यानं नको. गावातल्या दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि एका भूलतज्ज्ञाला सोबत घ्या. सिझरचा सल्ला दोघांनी मिळून दिला की नातेवाईकांना तो पटायला जरा सोपा जातो.