डीओएजे वापरताना : प्राणिशास्त्राच्या एका शिक्षकाचा अभिप्राय

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, तीन हंगाम काम करून लिहिलेला माझा पहिला शोधनिबंध एका संशोधन पत्रिकेत ३६ तासांत स्वीकारला गेला, तेव्हा मला शंका नव्हे, आनंद झाला होता. छापण्याचे शुल्क म्हणून मी ३,५०० रुपये भरले. परीक्षकांचा अभिप्राय दोन ओळींचा होता आणि छापलेल्या निबंधात तिसऱ्यांच्या शास्त्रीय नावातले एक अक्षर गळलेले होते. चूक माझीच होती. पण ज्यांनी निबंध तपासल्याचे सांगितले, त्यांच्यापैकी कोणाच्याही ती नजरेस पडली नाही.

तेव्हापासून निबंध पाठवण्यापूर्वी मी डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स, म्हणजे डीओएजे, उघडतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००३ साली ३०० पत्रिकांनिशी सुरू झालेल्या या विनामूल्य सूचीत आज २०,००० हून अधिक मुक्त प्रवेश, म्हणजे कोणालाही ऑनलाइन फुकट वाचता येणाऱ्या, संशोधन पत्रिकांची नोंद आहे. शोधचौकटीत पत्रिकेचा आयएसएसएन, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, टाकला की शुल्क किती व कोणत्या चलनात, परीक्षण कोणत्या पद्धतीचे, निबंधाच्या पुनर्वापराचा परवाना कोणता आणि निबंध पाठवल्यापासून छापून येईपर्यंत सरासरी किती आठवडे लागतात, हे एकाच पानावर दिसते. पत्रिकेच्या खऱ्या संकेतस्थळाचा दुवाही तिथेच असतो. नामांकित पत्रिकेचे नाव चोरून थाटलेली बनावट संकेतस्थळे ओळखायला मला त्याचा सर्वाधिक उपयोग झाला. आयएसएसएन हा निव्वळ ओळखक्रमांक आहे, तरी काही पत्रिका तो मुखपृष्ठावर पदकासारखा मिरवतात.

सूचीतून काढलेल्या पत्रिकांची यादी कारणासह खुली ठेवली जाते, हे मला विशेष आवडले. २०१४ साली निकष कडक करून जुन्या पत्रिकांना नव्याने अर्ज करायला लावले गेले आणि मुदतीत अर्ज न करणाऱ्या सुमारे ३,३०० पत्रिका २०१६ मध्ये वगळल्या गेल्या. ही कडक भूमिका घेण्याची गरज होतीच, कारण २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम सदोष लिहिलेला निबंध ३०४ पत्रिकांना पाठवला, तेव्हा १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला होता आणि त्यांत या सूचीतल्याही पत्रिका होत्या.

माझी तक्रार सूचीपेक्षा ती वापरणाऱ्यांबद्दल अधिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची आपली ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून आमच्याकडे ‘डीओएजेत आहे ना? मग झाले’ असे म्हणण्याची पद्धत पडू लागली आहे. सूचीत नोंद झाली म्हणजे पत्रिकेने पारदर्शकतेच्या आणि परीक्षणव्यवस्थेच्या किमान अटी पाळल्या, एवढेच सिद्ध होते. तिच्यातला प्रत्येक निबंध कोणी पारखलेला नसतो. सुरमईचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय पैसे न काढणारी आपली माणसे पत्रिकेच्या बाबतीत मात्र पाटी वाचून समाधान मानतात. नोंद पाहिल्यावर मी त्या पत्रिकेतले माझ्या विषयाचे अलीकडचे तीन निबंध वाचतो आणि संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठांची पाने उघडून त्यांचा उल्लेख तिथे आहे का, ते पाहतो.

शुल्क न घेणाऱ्या पत्रिका वेगळ्या काढण्याची सोय वापरून दुसरा निबंध मी अशाच एका पत्रिकेकडे पाठवला. पाच महिन्यांनी चार पानी परीक्षण आले. शिंपल्यांची लांबी कोणत्या दोन टोकांमध्ये मोजली, हे निबंधातून स्पष्ट होत नाही, असा त्यात आक्षेप होता आणि तो रास्त होता. पुढच्या सुकतीला व्हर्निअर कॅलिपर घेऊन मी पुन्हा भाट्याला गेलो.